पार्सिपनीचं काळं पाणी

ती बाई उठली आणि कोट न घालताच बाहेर गेली. बाहेर बर्फ पडत होतं. बेसमेंटच्या वरच्या बारक्या खिडकीतून तिचे पाय दिसले. रेशमी साडीचा काठ, उघड्या चपला, खाली बर्फ. गाडीची डिकी उघडल्याचा आवाज आला. आपटून बंद केल्याचा आला. मग ती परत आली. पर्स नव्हती. हातातल्या बांगड्या नव्हत्या. गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा नव्हतं. सगळं गाडीत कुलपात ठेवून आली होती.

येऊन सोफ्यावर बसली. केसांवरचं बर्फ झटकलं. माझ्याकडे बघून हसली.

म्हणाली, "राग मानू नकोस हं. पण रिस्क कशाला?"

मी गुलाबजामचा ट्रे घेऊन तिच्यापुढे उभी होते. तिनं दोन घेतले.

सवाष्ण बाई. भरल्या घरात, सणाच्या दिवशी मंगळसूत्र काढून ठेवलं. माझ्यामुळे. बाकीच्या बायकांनी बघितलं. एकीनं पदर ओढून घेतला.

संक्रांतीचा कार्यक्रम होता. न्यू जर्सीतली आठ-दहा मराठी कुटुंबं. डॉक्टर, इंजिनिअर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. तेव्हा सगळे सगळ्यांना ओळखायचे. तिळगूळ झाला, गाणी झाली, आणि मग डॉक्टरांनी टाळी वाजवली. ज्यांच्या घरात मी काम करायची ते डॉक्टर.

"ऐका, ऐका! हॉस्पिटलात मी हार्ट स्पेशालिस्ट. पण आमच्या घरी आणखी एक स्पेशालिस्ट आहे. पॉकेट स्पेशालिस्ट!"

जुने पाहुणे हसायला लागले. त्यांना माहीत होतं. नवं एकच जोडपं होतं, टेक्सासहून बदलून आलेलं. नंतर दागिने डिकीत ठेवून आली ती बाई यातलीच. डॉक्टर त्या नवऱ्याला म्हणाले, "अहो, जरा टाइम सांगता का?"

त्यानं मनगट वर केलं. मनगट रिकामं.

मग मी पुढे व्हायचं. ॲप्रनच्या खिशातून घड्याळ काढायचं. दोन्ही हातांनी द्यायचं. वाकायचं. टाळ्या.

घड्याळ काढायला आईनं शिकवलं होतं. वाकायला डॉक्टरांनी.

त्याला ते आयटम म्हणायचे. "आमच्या पोरीचा आयटम बघितला का?" प्रत्येक पार्टीत. नवा पाहुणा असला की हमखास. मी चहा देताना, प्लेट उचलताना, कोट घेताना हात चालवायचा. पाकीट, पेन, घड्याळ, एकदा तर एकाचा चष्मा. मग डॉक्टर विचारणार, पाहुणा चाचपडणार, सगळे हसणार.

खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा टाळ्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. याच कामाला लोकांनी मला लाथा घातल्या होत्या. इथे टाळ्या. मला वाटलं, या लोकांना माझी कला कळते. कळायला वेळ लागला की माकडवाल्याच्या माकडालाही टाळ्या पडतात.

आमची जात चोरांची. म्हणजे तसं सरकारनं लिहून ठेवलं होतं. इंग्रजांनी आमच्या सगळ्या जातीला गुन्हेगार ठरवलं. पोटातल्या पोरासकट. तारेच्या कुंपणात ठेवलं. माझा आजा त्या कुंपणात वाढला. रोज पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परगावी जायचं तर परवाना. पुढे देश स्वतंत्र झाला. कुंपण निघालं. पण काम कुणी दिलं नाही. शेतावर गेलं की "कुठली गं तू?" जात सांगितली की हाकलायचे. नाही सांगितली तर भाषेवरून ओळखायचे. मग जे येत होतं तेच केलं. माझी आई एसटी स्टँडवर, बाजारात हात मारायची. मी चालायला लागले तशी तिच्याबरोबर. आई चिमट्यात चुलीतला निखारा न पाडता धरावा तशी बोटं धरायला शिकवायची. चुकलं की बोटांवर मारायची.

चौदा वर्षांची होते तेव्हा सोलापूरच्या स्टँडवर सापडले. एका बाईची पर्स. पळता पळता घसरले. माणसं तुटून पडली. ज्यांचं काही गेलं नव्हतं तेही मारत होते. एक जण टिफिनच्या डब्यानं मारत होता. हवालदार आला. त्यानं नाव विचारलं नाही. जात विचारली. मी सांगितली.

"मग विचारायचं काय!" म्हणाला.

मला रिमांड होममध्ये, पोरांच्या सुधारगृहात टाकलं. त्याची एक कमिटी होती. त्या कमिटीत एक बाई होत्या, सगळे त्यांना ताईसाहेब म्हणायचे. आठवड्यातून एकदा यायच्या, प्रार्थना म्हणून घ्यायच्या, आमची नखं तपासायच्या. त्यांचा भाऊ अमेरिकेत डॉक्टर. त्यांच्या आईला, म्हणजे आजींना, अर्धांगवायू झाला होता. भाऊ आईला अमेरिकेत घेऊन चालला होता. सून नोकरीवाली. आजींचं करायला माणूस पाहिजे होतं. तिकडे माणसं परवडत नाहीत. ताईसाहेबांनी रांगेतून मला निवडलं. मला अजून आठवतं, त्यांनी माझे हात उलटसुलट करून बघितले. म्हणाल्या, "बोटं छान लांब आहेत. आईला कंगवा हळू करशील."

कमिटीनं मला ताईसाहेबांच्या ताब्यात दिलं. पासपोर्टावर वय वाढवलं. माझा अंगठा नाही, सही घेतली. सही मला रिमांड होमनंच शिकवली होती.

जायच्या आधी आईला भेटायला बोलावलं. तिला वाटलं मला सोडणार. पिशवीत भाकरी घेऊन आली होती. शिपायानं सांगितलं, तुझी पोरगी अमेरिकेला चालली, नशीब काढलं. आईनं विचारलं, "ते समिंदराच्या पल्याड हाय न्हवं?" शिपाई म्हणाला, हो. आई मटकन खाली बसली.

आमच्यात एक जुनी गोष्ट होती. माझ्या आज्याचा थोरला भाऊ चोरीत सापडला होता. इंग्रजांनी त्याला बोटीत घालून अंदमानला पाठवलं. तो परत आला नाही. मेला, जगला, कुणाला कळलं नाही. आमच्या बायका त्याच्या नावानं अजून रडायच्या.

आई म्हणाली, "माझ्या पोरीला काळं पाणी केलं गं बाई."

शिपाई हसला. ताईसाहेब हसल्या. मला लाज वाटली आईची. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. विमानात बसायची घाई झाली होती मला.

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत डॉक्टरांचं घर होतं. पुढे ड्राइव्हवे, मागे झाडी, बेसमेंटला कार्पेट. माझी झोपायची जागा आजींच्या खोलीत, त्यांच्या पलंगाखालच्या गादीवर. मी डॉक्टरांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायचं, असं पहिल्याच दिवशी ठरलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे कसं, घरातलीच वाटतेस." जेवायला मात्र सगळ्यांचं झाल्यावर. पासपोर्ट डॉक्टरांच्या अभ्यासिकेत गेला, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. "हरवशील," म्हणाले.

आजी सुरुवातीला माझ्या हातचं खायच्या नाहीत. बोलता येत नव्हतं. उजवी बाजू गेलेली. तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघायच्या. ताईसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं मी कोण. मी चमचा धरून बसायची. भात गार व्हायचा. गरम करून आणायची. पुन्हा बसायची. कधीतरी त्यांनी तोंड उघडलं. भुकेनं उघडलं असेल. पण उघडलं.

त्यांच्या डाव्या हातात सोन्याच्या जाड पाटल्या होत्या. रोज अंघोळ घालताना मी साबण लावून त्या सैल करायची, काढायची, हात पुसायची, पुन्हा चढवायची. दार बंद. न्हाणीत मी आणि त्या. त्या पाटल्या कुणी गाडीच्या डिकीत ठेवल्या नाहीत. कारण आजींना अंघोळ घालायला दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टरांना एकच मुलगी. शिल्पा. जन्म इथलाच. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. माझं इंग्रजी तिच्यापासून आणि टीव्हीवरून. तिला माझं वेड होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यामागे. एकदा म्हणाली, "टीच मी. प्लीज. पाकीट कसं घेतेस?"

मी म्हटलं, "नाही."

"व्हाय नॉट? डॅडीला तर दाखवतेस."

"ज्याचं पोट भरलेलं आहे त्यानं शिकायचं नसतं ते."

ती रुसली. पण मी शिकवलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय.

त्या संक्रांतीनंतर, पुढची थंडी सुरू होत असताना एका शनिवारी शिल्पा मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये गेली. दुपारी फोन आला. डॉक्टरांनी उचलला. "येस... येस, धिस इज हर फादर..." आणि चेहरा उतरला. काकूंना हाक मारली. दोघं गाडी घेऊन गेले.

परत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात आजींसाठी पेज करत होते. शिल्पा पुढे, डोळे सुजलेले. तिनं दुकानातून लिपस्टिक आणि कानातली उचलली होती. जॅकेटच्या अस्तरात लपवली होती. रखवालदारानं पकडली. डॉक्टर दुकानाच्या मॅनेजरशी बोलले. कार्ड दाखवलं. मॅनेजरनं ताकीद देऊन सोडून दिली. पोलीस नाही. काही नाही.

काकू सरळ माझ्याकडे आल्या. हात उगारला. मारला नाही, पण उगारलेला तसाच ठेवला.

"तू शिकवलंस. तूच शिकवलंस माझ्या मुलीला."

मी म्हटलं, "नाही काकू. शिल्पाला विचारा."

शिल्पा जिन्यापाशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं खाली बघितलं. कार्पेटवर बुटाचं टोक घासत राहिली.

"घरात असलं रक्त आणलं हीच आपली चूक," काकू डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "झालं ना आता. वय आहे तिचं. इथली सगळी मुलं करतात, इट्स अ फेज. शी इज अ गुड किड. विषय संपला." मग माझ्याकडे वळून, "तू आजपासून शिल्पाच्या खोलीत जायचं नाही."

पेज उतू गेली. गॅसवर सांडली. मी बंद केला.

तेव्हा मला काही सुचलं नाही. दिवसभर हात काम करत राहिले. पण दुसऱ्या दिवशी आजींचे केस विंचरताना आतून एकदम काहीतरी वर आलं. शिल्पा तेरा वर्षांची. मी चौदाची होते. तिनं लिपस्टिक घेतली, मी पर्स. तिच्या घरी फ्रीज भरलेला, माझ्या घरी चूल थंड. तिनं चोरलं तर ते वय. मी चोरलं तर ते रक्त. तिला ताकीद, मला टिफिनचा डबा. तिच्यावर विषय संपला. माझ्यावर विषय कधी संपलाच नाही. पार्टीपार्टीत काढायचे तो.

मग कळलं, की यांना मी सुधारायला नकोच होते. मी सुधारले तर आयटम कशाचा करणार? मला घरात ठेवायला मी चोर असणंच गरजेचं होतं. त्याशिवाय यांचा मोठेपणा कुणाला दिसणार?

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. आजींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. काय झालं म्हणून. त्यांना बोलता येत नव्हतं, मला सांगता येत नव्हतं.

शिल्पाची गोष्ट घराबाहेर गेली नाही. कुणाला कळू दिलं नाही.

हिवाळ्यात, एका रविवारी डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना जेवायला बोलावलं. गोरा माणूस, पांढरे केस, बरोबर बायको. डॉक्टरांची मोठ्या जागेवर नेमणूक होणार होती आणि ती या माणसाच्या हातात होती. काकूंनी दोन दिवस आधीपासून घर घासून घेतलं माझ्याकडून. चांदीची ताटं काढली. शिल्पाला पंजाबी ड्रेस घातला.

जेवण झालं. मी कॉफी घेऊन गेले. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही मुलगी आमच्या देशातल्या एका टोळीची आहे. चोरांची जमात. पिढ्यान्‌पिढ्या. जन्मतःच चोर. आम्ही हिला तुरुंगातून सोडवून आणलं. जस्ट वॉच."

त्यांना वाटलं मला कळत नाही. ट्राइब कळलं. थीव्ह्ज कळलं. बाय बर्थ कळलं.

गोऱ्या बाईचा हात गळ्यातल्या मोत्यांवर गेला.

डॉक्टर मराठीत मला म्हणाले, "चल, साहेबांचं पेन." हसत. डोळा मारत.

पेन साहेबांच्या वरच्या खिशात होतं. सोनेरी क्लिपचं. तो कपासाठी वाकला असता तर पापणी लवायच्या आत काढलं असतं. माझी बोटं आपोआप जुळली. इतकी सवय झाली होती. मी बोटं ट्रेखाली दाबून धरली.

म्हटलं, "नाही."

"काय?"

"मी करणार नाही."

डॉक्टर जोरात हसले. साहेबांना म्हणाले, "शी इज शाय."

मी म्हटलं, "आय ॲम नॉट शाय. आय डोन्ट वाँट."

काकूंच्या हातातला चमचा बशीवर वाजला. मला समोर शिल्पा दिसत होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिला वाटलं मी आता सांगणार. एक वाक्य पुरलं असतं. तेवढं इंग्रजी मला येत होतं. जिभेवर आलंही होतं.

मला स्टँड आठवला. सगळे एका पोरीवर तुटून पडतात तेव्हा तिला कसं वाटतं ते मला माहीत होतं. मी नाही सांगितलं.

गोरा साहेब आपल्या कपात बघत म्हणाला, "लेट्स हॅव द कॉफी." मी कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली. पुसली नाही.

पाहुणे गेले. गाडी वळली आणि डॉक्टर स्वयंपाकघरात आले.

"कुणापुढे बोलतेस कळतंय का तुला? कुठून आणलं तुला आम्ही? गटारातून आणलं. विमानात बसवलं. उपकार विसरलीस?"

मी भांडी घासत होते. नळ बंद केला. म्हटलं, "मी परत जाते. माझा पासपोर्ट द्या."

"पासपोर्ट मिळणार नाही. व्हिसा केव्हाच संपलाय तुझा. इल्लीगल आहेस तू इथे. जाशील कुठे? पुन्हा रिमांड होममध्ये?"

"कुठेही जाईन. पासपोर्ट द्या."

ते गेले निघून. अभ्यासिकेचं दार आपटलं.

आता एक सांगते. तो ड्रॉवर मी रोज पुसायची. त्याचं कुलूप म्हणजे आमच्या लेखी कुलूपच नव्हे. केसातली पिन पुरली असती. पहाटे सगळे झोपलेले असताना काढून चालू पडता आलं असतं. माझी आई असती तर म्हणाली असती, येडी हायेस का, घे आन् पळ.

पण मी ठरवलं, घ्यायचा नाही. त्यावर फोटो माझा, नाव माझं, सही माझी. आपलीच वस्तू आपण चोरायची कशी? आणि मी तो काढून पळाले असते तर डॉक्टर पुढच्या पार्टीत सांगत फिरले असते, बघा, शेवटी जातीवर गेली. ते समाधान मला त्यांना द्यायचं नव्हतं. तो त्यांनी माझ्या हातात द्यायचा.

सकाळी मी आजींना उठवलं. अंग पुसलं, कपडे बदलले, पेज भरवली. वेणी घातली. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आजी, मी जाते." त्यांनी माझ्या स्वेटरचं टोक डाव्या मुठीत धरलं. मूठ सोडवताना मला त्यांचं एकेक बोट उघडावं लागलं. माझ्या बोटांनी मी आयुष्यात जे काही केलं त्यातलं ते सगळ्यात अवघड काम.

बाहेर गेले. गॅरेजचं दार वर झालं होतं. डॉक्टरांची गाडी सुरू होती, हॉस्पिटलला जायची वेळ. मी ड्राइव्हवेवर गाडीच्या मागे जाऊन बसले. बर्फात. मांडी घालून.

डॉक्टरांनी हॉर्न वाजवला. मग उतरले.

"हा काय तमाशा? ऊठ."

"पासपोर्ट द्या."

"ऊठ आधी. लोक बघतायत."

"बघू दे."

लोक बघत होतेच. समोरची मिसेस नोवाक फावडं घेऊन बर्फ उपसायला बाहेर आली होती, ती थांबली. ही पोलंडची म्हातारी. एकदा आजींची चाकाची खुर्ची रस्त्यात अडकली तेव्हा हिनं हात लावला होता. तेव्हापासून हात हलवण्याइतकी ओळख. कोपऱ्यावर शाळेची पिवळी बस आली. शिल्पा दप्तर घेऊन दारात उभी राहिली. बसमधली पोरं काचेला नाक लावून बघायला लागली.

डॉक्टर दात आवळून बोलले. आवाज खाली, चेहऱ्यावर हसू. शेजाऱ्यांसाठी.

"पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. पोलीस मी जन्मल्यापासून बघतेय."

खालून बर्फ वितळून कपड्यांत शिरत होतं. मांड्या बधिर झाल्या. मला भीती वाटत नव्हती असं नाही. गाडीच्या धुराचा वास येत होता. डॉक्टर गाडीत बसून मागे घेतील असंही एकदा वाटलं. पण मी उठले नाही. मिसेस नोवाक रस्ता ओलांडून ड्राइव्हवेच्या तोंडाशी आली आणि फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग आत गेले.

परत आले आणि पासपोर्ट माझ्यापुढे फेकला. बर्फात पडला. निळं पुस्तक, अर्धं आत रुतलं.

"घे. आणि चालती हो."

मी हात लावला नाही.

म्हटलं, "हातात द्या."

शाळेची बस हॉर्न वाजवत होती. आणि मग ते वाकले. हार्ट स्पेशालिस्ट. बर्फातून पासपोर्ट उचलला. कोटाच्या बाहीला पुसला. माझ्यासमोर धरला.

मी घेतला. उठले. पाय इतके आखडले होते की पहिल्या पावलाला पडणार होते. मिसेस नोवाकनं दंड धरला.

तिच्या स्वयंपाकघरात तिनं मला सूप दिलं. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. तिनं विचारलं नाही काय झालं. म्हणाली, "युद्धात मी पण अशीच. जर्मन घरात कामाला नेलेली. मी पण पोरगी होते." एवढंच. दोन दिवस ठेवून घेतलं. मग तिची भाची जिथे काम करायची त्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये मला चिकटवलं. चादरी बदलायच्या, म्हाताऱ्यांना धुवायचं, भरवायचं. तेच काम. पण संध्याकाळी कोट घालून घरी जायचं. घर म्हणजे हैतीहून आलेल्या दोघींबरोबरची एक खोली. आणि जेवायला सगळ्यांबरोबर टेबलावर.

कागद नव्हते. भीती होती. पोलिसांची गाडी दिसली की मी रस्ता बदलायची. म्हणून हे सुखाचं झालं असं कुणी समजू नये.

उन्हाळ्यात एक दिवस काकू आल्या. नर्सिंग होमच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होत्या. मी बाहेर आले तशी काच खाली केली. काळवंडल्या होत्या.

"आजी खात नाहीत गं. दोन बायका ठेवून झाल्या. तोंडच उघडत नाहीत. सारखं दाराकडे बघतात."

तो भात, ती मिटलेली जिवणी, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"चल ना घरी," काकू म्हणाल्या. "झालं गेलं विसर. ते आयटम वगैरे परत नाही करायला लावणार. प्रॉमिस."

"शिल्पाला मी शिकवलं नव्हतं," मी म्हटलं.

काकू स्टिअरिंगकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "माहीत आहे. तिनं सांगितलं नंतर."

"मग?"

"मग काय?"

त्यांना खरंच कळलं नाही मी कशाची वाट बघतेय.

मी म्हटलं, "आजींना इथे आणा. मी रोज भरवीन. स्वतःच्या हातानं."

"आईंना? होममध्ये?" काकू दचकल्या. "लोक काय म्हणतील?"

"मग लोकांना सांगा भरवायला."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "इतकी कठोर असशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं."

काच वर गेली. गाडी गेली.

आजी पानगळीत गेल्या. मिसेस नोवाकनं फोन करून सांगितलं. मी लाँड्रीच्या खोलीत गेले, ड्रायर चालू केला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. मी परत गेले असते तर त्या आणखी काही महिने जगल्या असत्या. हे मला माहीत आहे. कुणी सांगायची गरज नाही. त्यांचा मला राग नव्हता. त्यांनी माझ्या हातांवर त्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त विश्वास टाकला होता.

तरी मी गेले नाही. आणि पुन्हा तसंच झालं तर पुन्हा जाणार नाही.

मराठी लोकांत माझ्याबद्दल बोलतात, ऐकू येतं. बेइमान निघाली. जात दाखवली. म्हणोत. मी माझी जात आता स्वतःच सांगते. कामावर विचारलं, तुझ्या घरचे काय करायचे, तर शेती करायचे असं सांगत नाही. चोरी करायचे सांगते, आणि कुणी करायला लावली तेही सांगते. ऐकणारा पर्स जवळ ओढतो. ओढू दे. मी त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहते, तो नजर खाली करेपर्यंत. जोवर हा जीव आहे तोवर मी माझ्याकडून खाली बघणार नाही.